पंच आपला, पण पेला मोजून

दिवाळी अंकात उन्हाळी पेयांवर लेख म्हणजे फराळाच्या ताटात कलिंगडाची फोड, असं कुणी म्हणेल. पण मंडळाच्या पुढच्या सहलीचे बेत याच सुमारास सुरू होतात. शिवाय १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीत पारा ४०.३ अंशांवर गेला, तेव्हापासून इथल्या उन्हाळ्याला कुणी हसत नाही.

आपल्या बार्बेक्यूला टेबलं नेहमी दोन. एकावर वाइन आणि बिअर, दुसऱ्यावर कोमट ऑरेंज स्क्वॉश. न पिणाऱ्या काकू, गाडी चालवणारे काका, गरोदर सूनबाई आणि शाळकरी नातवंडं, सगळ्यांची रवानगी दुसऱ्या टेबलाकडे. हे काही बरं नाही. त्याला तोड आहे, आणि ती आपल्याच भाषेतली आहे.

‘पंच’ हा शब्द ‘पाच’वरूनच आला, असं बरेच कोशकार मानतात. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे ते पाच. (तो ‘पंचन’ नावाच्या पिंपावरून आला असंही काहींचं मत आहे.) इंग्रजांच्या पत्रांत तो १६३२ पासून दिसतो. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर शिवकाळात आपल्याकडे होता, जुन्नरलाही जाऊन आला. १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो लिहितो की नेरूळची दारू सर्वांत चांगली, तिच्यापासून इंग्रज ‘पाँच’ करतात, आणि ते पेय माणसाला अशक्त करून सोडतं. नवी मुंबईकरांनी लगेच कॉलर ताठ करू नये, हे नेरूळ गोव्यातलं.

पाचांपैकी मद्य एकच. उरलेले चार म्हणजे आपलं सरबत! म्हणून माझी पद्धत अशी: आधी सरबत पूर्ण जमवायचं, त्याची चव मद्यावाचून उभी राहिली पाहिजे, आणि मगच त्यातल्या निम्म्यात वाइन घालायची.

कोकमाचं उदाहरण घ्या. दोन जग ठेवा. प्रत्येकात १५० मिलिलिटर अमृत कोकम, एका लिंबाचा रस, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि काळं मीठ. (बाटली गोड अमृत कोकमचीच घ्या. आगळ खारट असतं, त्यानं सगळा जग वाया जाईल.) एका जगात ७५० मिलिलिटर रोझे वाइन. दुसऱ्यात तेवढाच थंड केलेला कोरा चहा. वाइनला जो तुरटपणा असतो तो चहातून येतो, नुसत्या पाण्यातून येत नाही. वाढताना प्रत्येकात ६०० मिलिलिटर गार सोडा. बर्फाचे लहान खडे उन्हात पटकन विरघळून सगळं पाणचट करतात, त्यापेक्षा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आदल्या रात्री एकच मोठा ठोकळा गोठवावा.

पन्ह्याचंही असंच. कैरी मिळाली तर उत्तम, नाहीतर ब्रॅमली सफरचंद आहेच. अर्धा किलो सोलून, थोड्या पाण्यात शिजवलं की आपोआप फुलून गर होतो. त्यात चवीप्रमाणे गूळ, वेलची, केशर आणि मीठ. पेल्यात तीन मोठे चमचे गर, १०० मिलिलिटर कोरडी व्हाइट वाइन आणि वर सोडा. न पिणाऱ्यांना नुसता सोडा, थोडं जास्त लिंबू. सोलकढीत मात्र वाइन घालायचा प्रयोग कुणी करू नये, तिला तिच्या जागी सुखानं राहू द्या.

आता हिशेब, कारण खरी गोम इथेच आहे. १२ टक्क्यांच्या वाइनच्या एका बाटलीत ९ युनिट असतात. आपला कोकमाचा जग दीड लिटरचा, म्हणजे १५० मिलिलिटरचे दहा पेले आणि एका पेल्यात ०.९ युनिट. पण ‘जरा रंगत येऊ दे’ म्हणून कुणी त्यात २०० मिलिलिटर व्होडका ओतली तर साडेसात युनिटांची भर पडते. तोच पेला जवळजवळ दीड युनिटाचा होतो आणि कोकमामुळे चवीत फरक कळत नाही. ‘सरबतच आहे’ म्हणत तीन पेले घेणारे काका मग गाडीची किल्ली हातात घेतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल ही चालकांसाठी मर्यादा आहे. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून ती ५० वर आली, तेव्हा ग्लासगोच्या स्नेहसंमेलनाहून कार्लाइलला परतणाऱ्यांनी जाण्याआधीच विचार केलेला बरा. आठवड्याला १४ युनिटांहून जास्त नियमित घेऊ नये, हा सरकारी सल्ला स्त्री-पुरुष दोघांना सारखाच आहे.

म्हणून जगांवर चिठ्ठ्या लावा, मराठीत आणि इंग्रजीतही, कारण आजी एक वाचतात आणि नातू दुसरं. दोन्ही जगांचा रंग जवळपास सारखा असतो, नजरेनं ओळखण्यावर विसंबू नका. न पिणारे आजोबा चुकून पिणं हा विनोदाचा विषय नाही, औषधं चालू असतील तर नाहीच नाही.

कार्यकारिणीसाठी एक सूचना. घरी मित्रांना पाजणं वेगळं आणि हॉलमध्ये तिकीट लावून पाजणं वेगळं. पंचचे पैसे तिकिटातच धरले असले तरी कायद्यानं ती विक्रीच. हॉलला परवाना नसेल तर इंग्लंड-वेल्समध्ये कौन्सिलला ‘टेम्पररी इव्हेंट नोटीस’ द्यावी लागते, शुल्क २१ पौंड, आणि कार्यक्रमाआधी कामाचे पूर्ण दहा दिवस हातात ठेवून.