परवान्याची फाइल आधी उघडा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत हल्ली एक प्रकार सर्रास दिसतो. गिटहबवरून कुणाचा तरी कोड उतरवायचा, वरच्या टिपणीतले मूळ नाव खोडून आपल्या गटाची चार नावे टाकायची आणि अहवाल बांधून द्यायचा. मुलांना यात काही वावगे वाटत नाही. 'ओपन सोर्स आहे ना' हे उत्तर तयारच असते. मला यात मुलांपेक्षा शिकवणाऱ्यांचा दोष अधिक दिसतो. चार वर्षे आपण त्यांना कोऱ्या पानावर प्रोग्राम लिहायला लावतो. दुसऱ्याने लिहिलेला हजारो ओळींचा कोड वाचायला, आणि तो ज्या अटींवर दिला आहे त्या वाचायला, कधी सांगत नाही. ओपन सोर्स शिकायचे म्हणजे मुख्यतः हेच दोन्ही शिकायचे.

आधी कायद्याचे पाहू. 1957 च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीतच मोडतो. कथा लिहिली की लेखकाचा हक्क निर्माण होतो, तसाच कोड लिहिला की प्रोग्रामरचा. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे हा हक्क टिकतो. म्हणूनच ज्या रेपॉझिटरीत परवान्याची फाइल नाही, तिथला कोड सर्वांना दिसत असला तरी त्याचे सर्व हक्क राखीव असतात. शिकणाऱ्यांसाठी मात्र कलम 52 मध्ये मोलाची सवलत आहे. रीतसर हाती आलेला प्रोग्राम कसा चालतो ते पाहणे, तपासणे, त्यामागच्या कल्पना समजून घेणे हे उल्लंघन ठरत नाही.

परवान्यांची खरी गोष्ट रिचर्ड स्टॉलमन यांच्यापासून सुरू होते. त्यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि 1989 मध्ये जीपीएल हा परवाना आणला. कॉपीराइटशी झगडत बसण्याऐवजी त्यांनी त्यालाच कामाला जुंपले: वापरा, बदला, विका, पण इतरांना प्रत द्याल तेव्हा सोर्स कोडही याच अटींवर द्या. घरात किंवा कंपनीच्या आत काय वाटेल ते करा, अट लागू होते ती वाटपापासून. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्स दिले तेव्हा त्यासाठी पैसे घ्यायला मनाई होती. 1992 मध्ये ते जीपीएलकडे वळले आणि मगच त्याच्या सीडी विकणारे, त्यावर धंदा उभारणारे पुढे आले. एमआयटी आणि बीएसडी हे परवाने याहून सैल. मूळ लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर राखला की बंदिस्त उत्पादनातही तो कोड चालतो. 2004 चा अपाशे 2.0 त्यात पेटंटचे कलम घालतो. हे सगळे परवाने एकमेकांत मिसळत नाहीत. अपाशे 2.0 चा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत घेता येतो, दुसऱ्या आवृत्तीत नाही. आणि लिनक्सचा गाभा आजही दुसऱ्या आवृत्तीवर आहे. जनतेच्या पैशातून लिहिलेल्या सॉफ्टवेअरला तरी जीपीएलच असावा, असे माझे ठाम मत आहे.

फुकट दिलेल्या वस्तूच्या अटी कोर्टात टिकतात का, ही शंका बरीच वर्षे होती. ती फिटली खेळण्यातल्या आगगाड्यांमुळे. रॉबर्ट जेकबसन हे बर्कलीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. छोट्या आगगाड्या संगणकावरून चालवण्याचे सॉफ्टवेअर त्यांनी आणि इतर हौशी मंडळींनी मिळून लिहिले होते. त्यातल्या फाइली एका व्यावसायिकाने उचलल्या. लेखकांची नावे आणि कॉपीराइटची सूचना गाळली. खालच्या कोर्टाने हा फार तर कराराचा भंग मानला. ऑगस्ट 2008 मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला: पैसे घेतले नसले तरी नाव राखण्याच्या अटीला आर्थिक मोल आहे, आणि ती मोडली तर कॉपीराइटचा भंग होतो. वर सांगितलेल्या प्रकल्पांतली मुले नेमके हेच करत असतात.

आपल्याजवळचे उदाहरण घ्यायचे तर फॉन्टचे. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा फॉन्ट खुला होता, म्हणूनच आयआयटी मुंबईला त्याच्या देवनागरीवर संस्कृत ग्रंथांना पुरेल असा शोभिका उभा करता आला. अशा फॉन्टसाठी ओपन फॉन्ट लायसन्स असते. फॉन्ट एकटा विकायचा नाही, सुधारलेली प्रतही त्याच परवान्याने द्यायची, मूळ नाव राखीव असेल तर नवे नाव ठेवायचे, आधीच्यांची कॉपीराइटची ओळ पुसायची नाही. त्या फॉन्टात छापलेल्या पुस्तकावर मात्र कसलेच बंधन येत नाही. आपले किती मुद्रक आणि प्रकाशक चोरीचे फॉन्ट वापरत बसले आहेत हे पाहिले की, ही एवढीशी माहिती त्यांच्यापर्यंत पोचत नाही याची मनापासून खंत वाटते.

आता प्रत्यक्ष शिकण्याविषयी. रोज वापरता असे एखादे सॉफ्टवेअर निवडा. लिब्रेऑफिसमधले चुकलेले मराठी भाषांतरही चालेल. परवाना वाचा, मग योगदानाचे नियम. कोड क्लोन करून आधी काहीही न बदलता तो आपल्या संगणकावर बिल्ड करून दाखवा. नवशिक्याचे निम्मे दिवस इथेच जातात आणि ते वाया जात नाहीत. मग 'गिट ब्लेम' चालवा. प्रत्येक ओळ कुणी, कधी बदलली ते डोळ्यांसमोर येते, आणि त्या कमिटचा संदेश उघडला की बहुधा कारणही सापडते. विचित्र दिसणारी एखादी अट कुठल्या तरी बगमुळे घातलेली आहे, हे तिथे कळते. कुठल्याही पाठ्यपुस्तकात ते मिळत नाही. पहिला पॅच दोनचार ओळींचाच असू द्या. तो परत येईल, शेरे येतील. पॅच तपासणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या सवडीतून तुमच्यासाठी वेळ काढत असतो. असा शिक्षक फी भरूनही मिळत नाही.

लिनक्सच्या पॅचखाली 'साइन्ड ऑफ बाय' अशी ओळ असते. ही पद्धत 2004 पासूनची, कोडच्या मालकीवरून आयबीएमवर खटला भरला गेल्यानंतरची. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी ती लेखी हमी असते. नोकरदाराने ती देण्याआधी थांबावे. आपल्या कायद्याचे कलम 17 सांगते की वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला हक्कदार मालकच असतो. कित्येक नियुक्तिपत्रे त्याहून पुढे जाऊन सुटीच्या दिवशी घरच्या लॅपटॉपवर लिहिलेल्या कोडवरही हक्क सांगतात. म्हणून पहिला पॅच धाडण्याआधी कंपनीला ईमेल करा, त्यात प्रकल्पाचे आणि परवान्याचे नाव घाला, आणि होकार लेखीच घ्या.