खिडकी बंद आहे, मग आवाज येतो कुठून?

मुलांनो, लातूरच्या गंजगोलाईजवळ किंवा नांदेडच्या रेल्वे स्टेशनालगत ज्यांचं घर आहे, त्यांना हा प्रश्न रोजच पडत असणार. उद्या पेपर आहे, खिडकी लावून घेतली, कडीही घातली, तरी बाहेरच्या हॉर्ननं पाठ केलेलं सगळं विसरायला होतं! गंजगोलाईला तर सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथल्या हॉर्नांबद्दल काय सांगावं. उन्हाळ्यात यात आणखी एका कोड्याची भर पडते. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर संध्याकाळपर्यंत मातीची बारीक रेघ उमटलेली असते. खिडकी तर दिवसभर कुणी उघडलेलीच नसते!

ती रेघ पुसायच्या आधी जरा निरखून बघा. ती सगळीकडे सारखी नसते. कोपऱ्यात दाट, दोन काचा जिथे एकमेकींना भेटतात त्या जोडाखाली दाट आणि बाकी ठिकाणी पुसट. धूळ काचेतून आरपार येऊ शकत नाही. वारा जिथून आत घुसतो तिथेच ती पडते. म्हणजे वाऱ्यानं आपल्या येण्याच्या वाटेचा नकाशाच तुमच्या कट्ट्यावर काढून ठेवलाय. आणि आवाज म्हणजे तरी काय? हवेची थरथर. जिथून हवा येते तिथून थरथरही येते. धूळ, उन्हाळ्याची झळ आणि हॉर्न, तिघांचीही वाट एकच.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फटीतून असा किती आवाज येणार? चला, हिशेबच करू. तुमची खिडकी ४ फूट रुंद, ४ फूट उंच आहे असं समजा. तिच्या चारही कडा मिळून १६ फूट, म्हणजे साधारण ४९० सेंटिमीटर. कडेनं सगळीकडे फक्त २ मिलिमीटरची फट आहे. गुणाकार करा. उत्तर येतं ९८ चौरस सेंटिमीटर! पट्टी घेऊन कागदावर १० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद चौकोन काढा. एवढं भोक कुणी भिंतीला पाडलं असतं, तर घरातल्या सगळ्यांनी आरडाओरडा केला असता. तेच भोक खिडकीभोवती बारीक धाग्यासारखं पसरलेलं असतं, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात हे तुम्हाला ठाऊक असेल. या मापाची एक खोड आहे. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि २० वाढले की शंभरपट. आता हे उलटं करून बघा. खिडकीचा शंभरावा भाग उघडा राहिला, तर ऊर्जेचाही शंभरावा भाग आत येणारच. मग काच कितीही जाड बसवा, आवाज जास्तीत जास्त २० डेसिबलनं कमी होणार, पुढे नाही. रस्त्यावर ७५ डेसिबलचा गोंगाट असेल तर घरात ५५ उरले. आपल्या देशात २००० सालच्या नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, तीही घराबाहेरची!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: नवी महागडी खिडकी बसवण्याआधी जुनीच्या फटी शोधा. पुष्कळदा कडेनं रबराची पट्टी लावली आणि चौकट-भिंतीमधली भेग भरली, की निम्मं काम होतं.

पण फटी बुजवल्या म्हणजे सगळा आवाज थांबला असं होत नाही. शिट्टी, हॉर्न, ब्रेकची किरकिर असे चिरके आवाज बरेच कमी होतात. मिरवणुकीतल्या ढोलाची धमधम मात्र येतच राहते. कारण जाड, खालच्या पट्टीचा आवाज अख्खी काचच हलवतो. मग ती काच खोलीतली हवा हलवते आणि धमधम आत! तिला अडवायचं तर काच जड हवी, किंवा दोन काचा हव्यात आणि त्यांच्यामध्ये बंद पोकळी. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखाना आहे ना, त्या निमित्तानं एसी डब्याची खिडकी आठवा. दोन काचा, कडेनं घट्ट रबर आणि एरवी ती उघडत नाही. गाडी धडधडत धावते, आत मात्र आपण हळू आवाजात गप्पा मारतो. घरासाठी दुहेरी काच घ्यायची झाली तर दोन्ही काचांची जाडी वेगवेगळी ठेवणं चांगलं. प्रत्येक काच एखाद्या ठरावीक पट्टीच्या आवाजाला लवकर दाद देते. जाडी वेगळी असली की एकीची उणीव दुसरी भरून काढते.

हल्ली नांदेड-लातूरच्या बहुतेक नव्या घरांत अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी दिसते. जागा वाचते हे खरं, पण सरकायचं म्हणजे थोडी मोकळीक ठेवावीच लागते आणि ती मोकळीक म्हणजेच फट. ती झाकायला कडेनं केसाळ पट्टी लावतात. ती झिजली की वारा मोकळा. बिजागरीवर उघडणारी खिडकी बंद होताना रबरावर दाबून बसते, म्हणून आवाजासाठी तीच सरस. जुन्या लाकडी खिडकीची तऱ्हा आणखी निराळी. पावसाळ्यात ओल शोषून लाकूड फुगतं आणि ती उघडत नाही. उन्हाळ्यात ते सुकून आकसतं आणि नेमक्या गरम वाऱ्याच्या दिवसांत फटी रुंदावतात!

आजी-आजोबांच्या गावच्या माळवदाच्या घरात एवढा त्रास नव्हता. दगड-मातीच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, खिडक्या लहान आणि मोजक्या. आत गारवा असायचा, शांतताही असायची. पण त्याच जड भिंतींनी मराठवाड्याला फार मोठं दुःख दिलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मातीत रचलेले दगड आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. त्यानंतर भूकंपाला तोंड देणारी घरं बांधताना दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना गुंफणारी काँक्रीटची सलग पट्टी घालू लागले आणि खिडकी भिंतीच्या कोपऱ्यापासून लांब ठेवू लागले. खिडकी म्हणजे शेवटी भिंतीतलं भोकच. ते चुकीच्या जागी पडलं तर भिंत दुबळी होते. त्यामुळे घरात कुणी खिडकी मोठी करण्यासाठी भिंत फोडायचं म्हणालं, तर आधी इंजिनिअरला विचारा, असं हट्टानं सांगा.

आणि आपल्याकडचा कूलर कसा विसरून चालेल? कूलर बाहेरची हवा ओल्या जाळीतून खेचून आत ढकलतो. ती हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत ओल साठते, अंग चिकचिक होतं आणि गारवा पळतो. तेव्हा कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवीच. एरवीही बंद खोलीत आपल्याच श्वासानं हवा जड होते, ताजी हवा लागतेच. चांगली खिडकी कोणती? बंद केली की पूर्ण बंद आणि उघडली की पूर्ण उघडी.

आता तुमच्यासाठी काम. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. गॅस बंद, पंखे-कूलर बंद, सगळी दारं-खिडक्या बंद. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन तेवढा लावा. तो हवा बाहेर फेकेल आणि तिची जागा भरायला बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत शिरेल. पडदे बाजूला बांधून पेटती उदबत्ती खिडकीच्या कडेनं हळूहळू फिरवा. धूर सरळ वर चाललाय? तिथे फट नाही. धूर एकदम खोलीकडे वळला? सापडली! तिथे खडूनं खूण करा. दुसरी परीक्षा कागदाची: कागदाची पट्टी खिडकीत धरून खिडकी लावा आणि पट्टी ओढा. सहज निसटली तर तिथलं रबर सैल आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं बारीक भोकं असतात. ती पावसाचं पाणी बाहेर जाण्यासाठी केलेली असतात. उत्साहाच्या भरात ती बुजवू नका, नाहीतर जुलैत पाणी थेट घरात येईल.