लघवीतून एकदाच रक्त गेले तरी

लघवीला जळजळ झाली की आपण म्हणतो, उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, आणि दोन दिवसांत आराम. बऱ्याचदा ते खरेही असते. पण लघवी लाल झाली आणि दुखले काहीच नाही, तर ती उन्हाळी समजू नका. मूत्राशयाच्या कॅन्सरची पहिली खूण बहुतेकदा हीच असते. रक्त एकदा जाते, मग कितीतरी दिवस लघवी स्वच्छ. माणूस म्हणतो, बरे झाले. गाठ मात्र आत वाढत राहते.

त्यात सार्वजनिक संडासाच्या अंधारात रंग दिसणार कुणाला? आयाबहिणींचे रक्त तर पाळीचे किंवा 'इन्फेक्शन'चे धरले जाते. म्हणून हा आजार बायकांत कमी असूनही उशिरा सापडतो. पाळी बंद झालेल्या बाईने तर अजिबात थांबू नये. टीबीच्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, बीट खाल्ल्यानेही लालसर होते. ते रक्त नव्हे, पण शंका असेल तर तपासून घ्या.

सुरुवात साध्या लघवी तपासणीने होते. सरकारी दवाखान्यात ती होते. पुढे सोनोग्राफी आणि लघवीतल्या पेशींची तपासणी, म्हणजे सायटोलॉजी. बायकांची 'पॅप' तपासणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या डॉ. पापानिकोलाऊंनी डॉ. मार्शल यांच्यासोबत १९४५ मध्ये ही पद्धत मांडली. जहाल कॅन्सर तिच्यात चांगला सापडतो, सौम्य पुष्कळदा निसटतो. या तपासणीला रात्रभर साठलेली सकाळची पहिली लघवी नको, त्यात पेशी खराब झालेल्या असतात. नंतरची द्या.

आता लघवीतले प्रथिन मोजणारी एनएमपी२२, पेशींतली गुणसूत्रे पाहणारी युरोव्हिजन अशा नव्या तपासण्याही आहेत. मुतखडा किंवा इन्फेक्शन असले तरी एनएमपी२२ चा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. आणि निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असेही नाही. मूत्राशयात दुर्बीण घालून पाहणे, म्हणजे सिस्टोस्कोपी, हिला अजून पर्याय नाही. त्यामुळे कुणी महागडी लघवी तपासणी सांगितली, तर आधी विचारा: हिच्यामुळे दुर्बीण टळणार आहे का?

गाठ काढल्यावरही हा कॅन्सर पुन्हा पुन्हा उगवतो. साधारण तीन महिन्यांनी पहिली दुर्बीण होते, पुढेही काही वर्षे बोलावतात. सोबत लघवीची सायटोलॉजी होते. बरे वाटते, रोजी बुडते, म्हणून आपली माणसे इथेच गळतात. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

पंचशीलात दारू येते, विडी येत नाही, असे म्हणणारे उपासक आम्हाला भेटतात. विडी-सिगारेटमधली विषे रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून मूत्राशयात उतरतात, तासन् तास तिथे साठून राहतात. या कॅन्सरचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूरच आहे. रंगाच्या कारखान्यांतली काही रसायनेही तेच करतात. तेव्हा किती वर्षे विडी ओढली आणि कुठल्या कारखान्यात राबलो, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगा.