उशीच्या बदल्यात चौथरा

दौंडला गोवा एक्स्प्रेस पकडून आमच्या शिरूर भागातली मंडळी जुन्या गोव्यात जातात, बॉम जीझस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या चांदीच्या पेटीकडे मान वर करून पाहतात आणि बाहेर पडतात. मीही तसाच परतलो होतो. पेटीखालचा चौथरा नीट पाहिला तो दुसऱ्या खेपेला.

तो इटलीतून आलेला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याला संताच्या मस्तकाखालची उशी मिळाली. तिच्या बदल्यात त्याने ही भेट पाठवली. दर्ग्यातला तबर्रुक घरी जपणाऱ्यांना हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही! रंगीत संगमरवर, चारी बाजूंना ब्राँझचे पट्ट, त्यांवर संताच्या आयुष्यातले प्रसंग. सुटे भाग जहाजाने आले आणि १६९८ मध्ये इथे जोडले गेले.

घडवणारा जोव्हानी बात्तिस्ता फोज्जिनी, ड्यूकचा दरबारी शिल्पकार. दगडालाही वारा लागल्यासारखे भासावे, मालकाची सत्ता डोळ्यांत भरावी, अशी ती बरोक शैली. त्याने ड्यूकचे अर्धपुतळे केले, तसे महालातले फर्निचरही. ड्यूकच्या जावयासाठी १७०९ च्या सुमारास केलेल्या आबनुसी कपाटावर रंगीत दगडांच्या जडावाची फुले-फळे आहेत, आणि मधल्या कोनाड्यात खुद्द जावईबापू बसलेले.

वरची पेटी मात्र गोव्याच्याच सोनारांची, १६३७ ची. चौथऱ्याहून साठ वर्षांनी थोरली. ड्यूकचे नाव गाइडने दोनदा सांगितले, फोज्जिनीचे एकदा. सोनारांची नावे विचारली, तेव्हा तो पुढच्या घोळक्याकडे वळला.