कृत्रिम फुप्फुसातील गुठळ्यांचा प्रश्न

फुप्फुसे निकामी झाल्यावर रुग्णाचे रक्त शरीराबाहेर आणून, त्यातील कार्बन डायऑक्साइड काढून आणि त्यात प्राणवायू मिसळून ते परत आत सोडणाऱ्या ‘एक्मो’ यंत्रणेत फुप्फुसाचे काम ऑक्सिजनेटर करतो. त्यात पॉलिमेथिलपेंटीन या प्लास्टिकचे हजारो बारीक पोकळ तंतू असतात; तंतूंच्या आतून वायू वाहतो, बाहेरून रक्त. अडचण याच स्पर्शातून उद्भवते. निरोगी रक्तवाहिनीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन स्रवून रक्तातील प्लेटलेट्सना चिकटू देत नाही. प्लास्टिकला ही विद्या अवगत नसल्याने त्यावर काही क्षणांतच फायब्रिनोजेनसारख्या प्रथिनांचा थर बसतो, त्याला प्लेटलेट्स चिकटतात आणि त्याच वेळी ‘घटक बारा’ हे प्रथिन जागे होऊन रक्त गोठवणारी साखळी सुरू होते.

गुठळी बहुधा प्रवाह मंदावतो तेथे, म्हणजे कोपऱ्यांत धरते. म्हणूनच यंत्र सांभाळणारे परफ्युजनिस्ट टॉर्च लावून पारदर्शक कवचाआड काळपट डाग किंवा पांढुरके धागे दिसतात का, हे पुन्हा पुन्हा तपासतात. ऑक्सिजनेटरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबांतील फरक वाढू लागला, तर तो बदलण्याची वेळ जवळ आली असे समजतात.

यावरचा रूढ उपाय हेपारिन. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 1916 मध्ये जे मॅक्लीन यांच्या कामातून त्याचा शोध सुरू झाला, आणि जॉन गिबन यांनी 6 मे 1953 रोजी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने केलेली पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया या औषधाविना अशक्यच होती. मात्र हे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते, की दोष प्लास्टिकच्या पृष्ठभागाचा असताना गोठण्याची शक्ती रुग्णाच्या साऱ्या रक्तातून कमी केली जाते आणि मेंदूतील रक्तस्रावाचा धोका त्याच्याच वाट्याला येतो. काही रुग्णांत तर हेपारिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन प्लेटलेट्स घटतात आणि उलट गुठळ्याच वाढतात. तेव्हा बायव्हॅलिरुडिनसारख्या औषधाकडे वळावे लागते.

तंतूंवरच हेपारिनचा किंवा पाण्याचा थर धरून ठेवणाऱ्या रेणूंचा लेप देणे हा अधिक न्याय्य मार्ग होय. पण लेपावर प्रथिने साचत जातात, त्यामुळे केवळ त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. सर्वाधिक आशा ‘घटक बारा’ रोखण्यात दिसते, कारण तो जन्मतःच नसलेल्या माणसांना जखमेतून जादा रक्तस्राव होत नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याला अडवणाऱ्या प्रतिपिंडाने सशांच्या एक्मो यंत्रणेत हेपारिनइतकेच संरक्षण दिले, तेही रक्तस्राव न वाढवता.