सुईऐवजी लेसर

फिलिप्सने 1972 मध्ये लेसरने वाचली जाणारी चित्रतबकडी दाखवली. पुढे सोनीशी हातमिळवणी झाली आणि 1982 मध्ये सीडी बाजारात आली. खरी कमाल तिच्यावरच्या रेघेची. अवघ्या 1.6 मायक्रोमीटर अंतराने गुंडाळलेली ही सर्पिल रेघ उलगडली तर 5 किलोमीटरहून लांब भरते. रेघेतल्या सूक्ष्म खळग्याच्या कडेशी परतणारा प्रकाश बदलतो, तो 1. बाकी सगळे 0. कशाचा स्पर्शच नाही, म्हणून वाजवून झीजही नाही. धातूचा थर मात्र छापील बाजूला, पातळ लाखेखाली असतो. लग्नाच्या, बारशाच्या सीडी घरात असतील तर ती बाजू जपा आणि त्यांतले फोटो आजच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.