‘ती गेली’ म्हणजे नेमके काय?
विषण्ण भावगीतांच्या अर्थनिर्णयाविषयी

एखादे विषण्ण गीत ऐकून संपले की ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा एकच प्रश्न उभा राहतो : हे कोणाविषयी लिहिले आहे? कवीची प्रेयसी वारली काय, त्याचे लग्न मोडले काय, त्याची आई लहानपणीच गेली काय? गीतातील दुःख हे एखाद्या कुलूपबंद पेटीसारखे असून त्या पेटीत एक घटना ठेवलेली आहे, आणि ती घटना सापडली की गीत समजले, अशी ही समजूत आहे. शाळेत तीस वर्षे मराठी शिकविताना ही समजूत मी मुलांत पाहिली, पालकांत पाहिली, आणि पुष्कळ काळ स्वतःतही बाळगली. ती पुरती खोटी नाही. परंतु ती जेथे अपुरी पडते, तेथे वाचकाचे आणि क्वचित विद्यार्थ्याचेही मोठे नुकसान होते. प्रस्तुत लेखात एका परिचित गीताच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हे गीत ग्रेस यांचे. माणिक सीताराम गोडघाटे हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९३७ सालचा, आयुष्य बहुतेक नागपुरात गेले, तेथेच त्यांनी मराठीचे अध्यापन केले, आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले. ‘संध्याकाळच्या कविता’ हा त्यांचा संग्रह १९६७ साली निघाला. त्यानंतर ‘राजपुत्र आणि डार्लिंग’ व ‘चंद्रमाधवीचे प्रदेश’ हे संग्रह आले. ‘वाऱ्याने हलते रान’ या ललितलेखसंग्रहाला २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची कविता दुर्बोध आहे, ही तक्रार ते लिहीत होते तोवर होती आणि आजही आहे. परंतु एक आश्चर्य येथे नोंदविले पाहिजे. ज्या कवितेपुढे पदवीधर वाचक थबकतो, तीच कविता हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालीवर चढून घरोघर पोहोचली, आणि ज्यांनी ग्रेसांचा एकही संग्रह उघडलेला नाही, अशी माणसे ती डोळे मिटून ऐकतात. कवी आणि संगीतकार दोघेही १९३७ सालीच जन्मलेले. दुर्बोध म्हटलेली कविता गीत होताच जवळची का वाटावी, याचे उत्तर अर्थनिर्णयाच्या प्रश्नातच दडलेले आहे.

मी ज्या गीताविषयी बोलत आहे ते ‘ती गेली तेव्हा’ या नावाने ओळखले जाते. त्यातील चित्र थोडक्यात असे : कोणी स्त्री गेली त्या वेळी पाऊस पडत होता, आणि ढगांत गुंतलेल्या किरणांना सूर्य मोकळे करीत होता. पुढे वाऱ्याने उडणारा पालापाचोळा येतो. खिडकीत एकट्याच असलेल्या धुरकट कंदिलाजवळ बालपण सरल्याची जाणीव येते. आणि शेवटी द्रौपदीच्या वस्त्रांचा व कृष्णाचा एक गूढ उल्लेख येऊन गीत थांबते. गेलेली स्त्री कोण? पुष्कळ श्रोते ‘प्रेयसी’ असे सांगून मोकळे होतात. परंतु गीत पुढे ऐकले तर कवीने ती आई असल्याचे स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. यास्तव अर्थनिर्णयाचा पहिला नियम अगदी साधा ठरतो : गीत शेवटपर्यंत ऐकावे आणि त्यात जे सांगितले आहे ते आधी मान्य करावे. पहिल्या कडव्यावर सगळा अर्थ उभारणे ही कवितेची सैल वाचणूक होय. प्रत्येकाने आपापला अर्थ काढावा, असे जे सवंगपणे म्हटले जाते, त्याला येथे जागा नाही.

आता खरी अडचण. ‘ती’ कोण हे कळले. पण ‘गेली’ म्हणजे काय? मराठीत हे क्रियापद दुहेरी आहे. ‘आजी गेली’ असे कोणी खालच्या आवाजात म्हटले तर आपण चपला घालून निघतो. ‘आजी गावाला गेली’ म्हटले तर निघत नाही. मृत्यूचे नाव तोंडावर घ्यावयाचे नाही, म्हणून भाषेने साध्या जाण्यालाच मृत्यूचा अर्थ दिला. आम्हां सीमाभागातील लोकांना ही गोष्ट अधिक लवकर जाणवते. हुमनाबाद १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व पुढे हैदराबाद राज्यात होते, त्यानंतर ते आजच्या कर्नाटकात आले. येथील मूल घरी एक, बाजारात दुसरी आणि शेजारी तिसरी भाषा ऐकत वाढते. मी एकदा वर्गात मुलांना ‘ती गेली’ एवढेच वाक्य कन्नडात व दखनीत सांगावयास लावले. कन्नड ‘होदळु’ने दोन्ही अर्थ राखले, दखनी ‘चली गई’नेही राखले. परंतु एका मुलाने ‘तीरिकोंडळु’ म्हटले आणि दुसऱ्याने ‘गुजर गई’, तेव्हा दार लागले : आता ती फक्त मृत झाली, परत येण्याची वाट उरली नाही. कवीने अर्धे उघडे ठेवलेले दार भाषांतरकाराने, तद्वतच भाष्यकाराने, केव्हा लावले हे त्याचे त्यालाच कळत नाही.

हे शहाणपण मला उशिरा आले, आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली. मी सहशिक्षक असताना हे गीत नववीच्या वर्गाला ध्वनिफितीवरून ऐकविले होते व त्याचा आशय लिहावयास सांगितला होता. एका मुलाने लिहिले की, आई घर सोडून गेली आहे, आणि खिडकीतला कंदील तिला परतताना घर दिसावे म्हणून ठेवला आहे. मी तांबड्या शाईने त्यावर रेघ मारली आणि समासात लिहिले : ‘चूक. आई वारली आहे.’ वह्या परत दिल्या. तो मुलगा त्या दिवसापासून माझ्या तासाला बोलेनासा झाला. वर्षअखेरीस एका सहकाऱ्याने सहज सांगितले की, त्याची आई दोन वर्षांपूर्वी घरातून निघून गेली होती आणि तिचा ठावठिकाणा लागलेला नव्हता. मी त्या रात्री ते गीत पुन्हा शब्दशः तपासले. त्यात मृत्यू हा शब्द नाही. चिता नाही, तिरडी नाही, तेरावा नाही. मुलाने गीतात नसलेले काही घुसडले नव्हते. नसलेली गोष्ट मी घुसडली होती, आणि तीही गुण देण्याच्या अधिकाराने.

हे माझ्या हातून का झाले, याचा विचार करताना असे दिसते की, आपल्या परंपरेनेच आपल्याला ‘किल्ली’ शोधण्याची सवय लावली आहे. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी घ्या. त्यांतील स्त्री विरहाने व्याकूळ होते, चंदन-चांदणेही तिला सोसवत नाही. आणि निरूपणकार सांगतात की ही स्त्री म्हणजे जीव व तिचा प्रियकर म्हणजे परमात्मा. एकनाथांच्या भारुडांत तर किल्ली पुष्कळदा भारुडाच्या शेवटी कवीच हाती देतो. आमच्या शेजारच्या बसवकल्याणच्या भूमीत बाराव्या शतकात वचनकार होऊन गेले. त्यांपैकी अल्लमप्रभूंची ‘बेडगिन’ म्हणजे कूट वचने उकलण्यासाठी पुढे टीका रचल्या गेल्या. हुमनाबादला लागून असलेल्या माणिकनगरात माणिकप्रभूंची मराठी, कन्नड व हिंदी पदे आजही गायिली जातात. प्रभूंनी १८६५ साली समाधी घेतली, परंतु पदांचा अर्थ सांगणारी परंपरा खंडित झालेली नाही. या सर्व ठिकाणी किल्ली चालते, कारण गाणारा, ऐकणारा आणि अर्थ सांगणारा हे एकाच श्रद्धेच्या छायेत बसलेले असतात. आधुनिक विषण्ण गीताला असे सामाईक छत्र नाही. ते ज्याच्या त्याच्या खोलीत, एकट्याने ऐकले जाते. तेथे जुनी किल्ली फिरत नाही म्हणून आपण नवी घडवितो : कवीचे चरित्र.

चरित्राच्या किल्लीने काय होते याचे एक उदाहरण इंग्लंडातले आहे. मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाबाहेर, लहान स्वतंत्र ध्वनिमुद्रण संस्थांतून निघणाऱ्या संगीताला तिकडे ‘इंडी’ म्हणतात. माझे जुने विद्यार्थी पुण्या-हैदराबादेहून मला या पठडीतील उदास गाणी पाठवितात आणि अर्थ विचारतात. मँचेस्टरच्या ‘जॉय डिव्हिजन’ या वाद्यवृंदाचा गायक व गीतकार इयन कर्टिस याने मे १९८० मध्ये, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी, आपले जीवन संपविले. दोन महिन्यांनी त्यांचा दुसरा गीतसंग्रह प्रसिद्ध झाला. तेव्हापासून त्यातील प्रत्येक ओळ त्या मृत्यूची पूर्वसूचना म्हणून वाचली जाते. दुःखद वस्तुस्थिती नाकारावयाची नाही. परंतु एकदा असे वाचू लागलो की गीतातील खोली, रस्ता, प्रकाश यांना स्वतःचा अर्थच उरत नाही, ती सर्व एका बातमीची साक्षीदार होतात. ग्रेसांच्या आईविषयीही अशा आख्यायिका सांगितल्या जातात. त्या खऱ्या असोत वा नसोत, कंदील का धुरकट आहे हे त्या सांगू शकत नाहीत.

ते सांगण्याचे साधन आपल्याजवळ फार पूर्वीपासून आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोका’त दाखविले की, श्रेष्ठ काव्यातील मुख्य अर्थ बोललेला नसतो, सूचित असतो. पुढील आलंकारिक ‘सूर्य मावळला’ एवढ्या वाक्याचे उदाहरण देत : गुराख्याला त्यातून गुरे परतविण्याची सूचना मिळते, ब्राह्मणाला संध्यावंदनाची, अभिसारिकेला निघण्याची. शब्द तेच, ऐकणाऱ्याच्या स्थितीप्रमाणे ध्वनी निराळा. परंतु ‘पहाट झाली’ असा अर्थ मात्र कोणालाही काढता येत नाही. आमच्या काळाच्या जवळ येऊन मर्ढेकरांनी ‘भावनानिष्ठ समतानता’ ही कल्पना मांडली : दोन वस्तूंत दिसण्याचे साम्य नसले, तरी त्या जागविणाऱ्या भावनेच्या साम्याने कवी त्यांना जोडतो. या दृष्टीने पाहता कंदील आणि संपलेले बालपण यांचे नाते स्पष्ट होते. दोहोंत रूपसाम्य काहीच नाही. परंतु घरात माणूस असेल तर कंदिलाची काच पुसली जाते. ती काळवंडली, म्हणजे पुसणारा हात गेला. बाई कोठे गेली हे न सांगता ती घरात नाही एवढे कंदील सांगतो, आणि दुःखाला तेवढे पुरे असते. माझ्या विद्यार्थ्याने त्याच कंदिलात वाट पाहणे वाचले. काच काळी होण्याइतका वेळ कंदील जळत राहिला आहे, ही गोष्ट त्याच्या बाजूने साक्ष देते.

शेवटचा कृष्ण याच रीतीने उलगडतो, असे मला वाटते. द्रौपदीला वस्त्रे पुरविणारा तो. कवी त्यालाच उघडा पाहतो. जो सर्वांना झाकतो त्याला झाकणारे कोणी नाही. आईविना उरलेल्या मुलाला रक्षणकर्त्याची जी शेवटची गोष्ट आठवावी, तीही अशी रिकामी निघते. हा अर्थ मी एकमेव म्हणून मांडीत नाही. परंतु त्याला आधीच्या कंदिलाचा आणि एकटेपणाचा आधार आहे, आणि अर्थाला असा गीतातलाच आधार दाखविता यावा, एवढी अट मात्र मी घालतो.

चालीचा भागही विसरता येत नाही. छापील पानावर दुर्बोध प्रतिमेपाशी वाचक अडखळतो, मागे जातो, कोश उघडतो. गीतात स्वर त्याला हात धरून पुढे नेतो. कळले नाही तरी थांबू देत नाही. प्रतिमा मनात शिरते आणि अर्थ मागाहून, कधी वर्षांनी, उगवतो. दुर्बोध कविता गाण्यात जवळची होते ती अशी. म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवताना गीत आधी ऐकवावे, मग वाचावे, आणि प्रश्नपत्रिकेत ‘कवीला काय म्हणावयाचे आहे?’ असे विचारण्यापूर्वी ‘तुम्हाला कोठे थांबावेसे वाटले?’ असे विचारावे. कवीचे चरित्र सर्वांत शेवटी यावे.

एवंच, विषण्ण गीताचा अर्थ ऐच्छिक नसतो आणि एकेरीही नसतो. जे सांगितले आहे ते बदलू नये. जे सांगितलेले नाही ते भरून काढू नये. आई हा शब्द गीतात आहे, तो कोणालाही पुसता येणार नाही. मृत्यू हा शब्द नाही, तो कोणालाही लिहिता येणार नाही, मुख्याध्यापकालाही नाही. आता दरवर्षी नववीच्या वर्गात हे गीत मी स्वतः ऐकवितो. उत्तरे तपासताना कंदिलापाशी आलो की तांबडी लेखणी खाली ठेवतो आणि मुलाने काय पाहिले ते आधी नीट वाचतो. त्या एका मुलाच्या वहीवरील रेघ पुसणे माझ्या हाती उरलेले नाही. दुसऱ्या वहीवर ती मारू नये, एवढेच आहे.